कादिरचा उजवा हात

रक्ताचा रंग बदला, असा निरोप आला तेव्हा स्वप्नाली एका मुडद्याच्या कपाळावर जखम चिकटवत होती. मुडदा पेशावरकडचा होता. खुर्चीत मांडी घालून तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि चौकार बसला की त्याचं कपाळ आक्रसायचं, त्यामुळे जखमेची कड सुटायची. हलू नको म्हणून सांगून सांगून ती वैतागली होती. तेवढ्यात तंबूचा पडदा सारून पद्मिनी मॅडम आत आल्या.

"स्वप्नाली, रक्त फार लाल झालंय गं."

"मॅडम, रक्त लालच असतं."

"ते मलाही कळतं. पण आत्ता शेफनं मेन कोर्स चाखायला दिला. मटणावर डाळिंबाचा सॉस आहे. अगदी सेम रंग! समोर माणूस पडलाय आणि ताटात तेच. लोकांना खाववणार नाही. सॉस आता बदलता येत नाही, तू रक्त जरा चॉकलेटीकडे ने ना."

स्वप्नालीनं रक्त चॉकलेटीकडे नेलं. ग्लुकोजच्या पाकात तिनं कोको कालवला. त्या दिवसापासून तंबूत शिरलं की बिस्किटाच्या कारखान्यात शिरल्यासारखा गोड वास यायचा, आणि जमिनीवर माना टाकून पडायला निघालेली माणसं जाता जाता आपल्या जखमा चाटून बघायची.

ती कोल्हापूरची. सिनेमा आणि मालिकांसाठी रंगभूषा करत तिची उमेदीची वर्षं गेली होती. जळालेली सून, दरीत कोसळलेला नायक, पाण्यात फुगलेलं प्रेत, हे तिच्या हातचं काम होतं. स्वप्नालीचा नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर आई, सरूबाई, तिच्याकडेच राहायची. पद्मिनी मॅडम मूळच्या ठाण्याच्या, आता दुबईतल्या एका कार्यक्रम-कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी तिचं काम पाहिलं आणि हिवाळ्याच्या हंगामापुरतं सौदीतल्या तबूकला बोलावून घेतलं. पगार चांगला होता. फोनवर आईनं विचारलं होतं, "नेमकं काय काम करतीस गं तिथं?" स्वप्नाली म्हणाली होती, "माणसं मारते, आणि धुऊन परत पाठवते." सरूबाई खूप हसली होती. सुरुवातीला स्वप्नालीलाही हसू यायचं.

तबूक शहराच्या बाहेर, जिथं पहिल्या महायुद्धात उडवलेल्या जुन्या रेल्वेचे गंजलेले तुकडे अजून वाळूत सापडतात, तिथं कंपनीनं नवीन रूळ टाकले होते, लाकडी स्टेशन उभारलं होतं आणि यंत्रानं खंदक खणले होते. खंदकांच्या समोर उंच चौथरा. त्यावर पांढऱ्या कापडांची टेबलं, मधेमधे शेगड्या. पाहुण्यांनी तिथं बसून जेवायचं आणि पहिलं महायुद्ध बघायचं.

युद्धाचे भाग जेवणाप्रमाणे पाडले होते. सूप येईल तेव्हा कारणं. राजे, मुकुट, जुन्या मोटारीत बसलेला राजपुत्र, त्याला लागलेली गोळी, मग भल्यामोठ्या नकाशावर नाचणाऱ्या मुली, एकेक मुलगी म्हणजे एकेक देश. मुख्य जेवण येईल तेव्हा प्रत्यक्ष युद्ध. रेल्वे उडते, खंदक पेटतो, माणसं पडतात. आणि गोड येईल तेव्हा परिणाम. पडलेल्या माणसांवरून निळा उजेड फिरतो, एक बाई गाते, कबुतरं सोडतात, आणि मेलेल्यांचा आकडा घोगऱ्या आवाजात सांगितला जातो. तो आकडा चालू असताना वाढप्यांनी जागचं हलायचं नाही, आइस्क्रीम वितळलं तरी चालेल, असा पद्मिनी मॅडमचा सक्त नियम होता. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

तबूकला लष्कराचा विमानतळ आहे. तालमी चालू असताना खरी लढाऊ विमानं डोक्यावरून जायची. त्या हिवाळ्यात उत्तरेला कुठं ना कुठं पेटलेलंच होतं. मुडदे झालेले मजूर जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तेच बघत बसायचे, आपापल्या जखमांना हात न लावता. विमान गेलं की पद्मिनी मॅडम ओरडायच्या, "अरे आवाज रेकॉर्ड करून घ्या कुणीतरी, फुकट मिळतोय!"

कादिर या आवारात चहा द्यायचा. सुदानचा होता, चाळिशीच्या आसपासचा, उंच, अंगानं शिडशिडीत. सदऱ्याची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिनेनं टाचलेली असायची. ट्रेची कड उजव्या दंडाखाली दाबून डाव्या हातानं तो कप पुढं करायचा आणि त्यातलं पुदिन्याचं पानसुद्धा हलायचं नाही. स्वप्नालीला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो कमी बोलतो आणि तिच्या चहात साखर कमी घालायची हे त्यानं न सांगता ओळखलंय.

एके दुपारी तंबूत सुमीतबरोबर बैठक चालली होती. सुमीत स्फोटांची यंत्रणा बघायचा. युद्धाचा भाग रंगत नाही, असं पद्मिनी मॅडमचं म्हणणं होतं. "धूर होतो, आवाज होतो, माणसं पडतात, पण धक्का बसत नाही. लोक आपले खातच राहतील." तेवढ्यात कादिर चहा घेऊन आला. बोलता बोलता मॅडम थांबल्या. कप घेतला नाही. त्यांची नजर त्याच्या टाचलेल्या बाहीवर खिळली. स्वप्नालीला वाटलं, आता या काहीतरी हळहळीचं बोलतील.

तो बाहेर जाताच त्या टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "देवच पावला की!"

"काय झालं?" सुमीतनं विचारलं.

"अरे, कोपराखाली काहीच नाही त्याला! स्वप्नाली, तू त्याला अख्खा हात करून दे. अस्सल. गणवेश घालून तो सगळ्यांच्या पुढं धावत येईल, सुमीत हवेच्या दाबानं तो हात उडवेल, आणि हात जाऊन पहिल्या टेबलापाशी पडेल. रक्त अजिबात नको. नुसता हात. बघ कसे किंचाळतात ते."

"मी नाही करणार, मॅडम," स्वप्नाली म्हणाली.

"का?"

"त्याचा हात खरंच तुटलाय."

"म्हणूनच तर!" मॅडमना खरोखरच कळलं नव्हतं. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तू त्याला विचारलंस का? एका माणसाला चार पैसे जास्त मिळणार असतील, तर ते नको म्हणणारी तू कोण? त्याचं त्याला ठरवू दे ना."



विचारायला तौकीरभाईंना बोलावलं. तौकीरभाई हर्णैचे, कंपनीच्या बसगाड्यांचे सुपरवायझर. निम्मं आयुष्य सौदीत गेलेलं, त्यामुळे अरबी पाण्यासारखी यायची, आणि स्वप्नालीशी बोलताना मात्र अगदी घरच्यासारखं मराठी. मॅडमनी जे सांगितलं ते त्यांनी कादिरला सांगितलं. सांगताना ते त्याच्याकडे बघत नव्हते, ट्रेकडे बघत होते.

कादिरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन प्रश्न विचारले. पैसे जास्त मिळणार का, हा पहिला. दुसरा प्रश्न तौकीरभाईंनी जरा घुटमळत मराठीत सांगितला. "विचारतोय, हात बाहुलीच्या हातासारखा असेल की माणसासारखा?"

"माणसासारखा," स्वप्नाली म्हणाली. तिच्या तोंडून ते निघूनच गेलं.

"मग चालेल म्हणतोय."

साच्यासाठी दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर पाण्यात कालवावी लागते. स्वप्नालीनं बादलीभर कालवली आणि कादिरचा डावा हात तिच्यात बुडवून ठेवायला सांगितला. डाव्या हाताचा साचा सोपा. पण हवा होता उजवा, आणि तो कुठंच नव्हता. डाव्याचं प्लास्टर समोर ठेवून, आरशात बघत, मातीत उलटा हात घडवायचा होता. ती नुसतं काम उरकणार होती. पण तिचा हात वाईट काम करायला तयार नसायचा, हीच तिची खोड होती.

रोज दुपारी कादिर येऊन बसायचा. मातीकडे बघायचा. एकदा तौकीरभाईंमार्फत म्हणाला, "ही करंगळी सरळ आहे. माझी वाकडी होती. लहानपणी दारात चिरडली होती." तिनं करंगळी वाकडी केली. त्याच्या फोनमध्ये लग्नाचा एक फोटो होता. त्यात बायकोच्या हातावर त्याचा उजवा हात होता. तो फोटो मोठा करून करून तिनं नखांचा आकार घेतला. त्याच्या कातडीचा रंग तिच्या पेटीत नव्हता. तिच्या पेटीत गोऱ्या नायिकांचे रंग ढीगभर होते. चार रंग मिसळून, पुन्हा पुसून, मनगटावर लावून बघत तिनं तो रंग जमवला.

तौकीरभाई मधूनमधून येऊन बसायचे. त्यांच्यामार्फत तिनं एकदा विचारलं, "आमच्या नाटकात सुपाबरोबर युद्धाची कारणं आहेत. तुमच्याकडची लढाई कशानं पेटली?"

कादिर हसला. "दोन सेनापती होते. दोघांनी मिळून देश घेतला. मग कोण वर बसणार, यावरून भांडले."

"एवढंच?"

"मला एवढंच कळलं. टीव्हीवर आणखी पुष्कळ कारणं सांगतात. मी ओमदुरमानला बस चालवायचो. पाव घ्यायला रांगेत उभा होतो, तेव्हा गोळा पडला."

"गोळा कुणाचा होता?"

"दोघंही म्हणतात, आमचा नव्हता."

हात तयार झाला त्या दिवशी तिनं तो त्याच्या कोपराला पट्ट्यांनी बसवून दिला. सिलिकोन गार होतं, पण दिसायला इतकं खरं की तौकीरभाईंनी तोंडावर हात ठेवला. कादिरनं दुमडलेली बाही सोडवली, खाली ओढली, मनगटाशी बटण लावून घेतलं आणि फोन काढला. त्याची बायको आणि मुलगी पोर्ट सुदानला एका शाळेच्या इमारतीत राहत होत्या, त्यांच्यासारख्याच घर सुटलेल्या इतर कुटुंबांबरोबर. मुलीचा चेहरा पडद्यावर आला. त्यानं उजवा हात वर केला. मुलगी किंचाळली, मग गप्प झाली, मग काहीतरी म्हणाली.

कादिरनं अख्खा दंड हलवून हात हलवल्यासारखं केलं. मुलगी पुन्हा तेच म्हणाली. त्यानं फोन बंद करून टाकला.

"काय म्हणाली?" स्वप्नालीनं विचारलं.

तौकीरभाई उठून उभे राहिले होते. "बोटं हलव, म्हणाली."

तालमीत हात व्यवस्थित उडायचा. सुमीतची यंत्रणा चोख होती. पण कादिर पडताना काहीच आवाज करायचा नाही. धप्पकन पडायचा आणि गप्प राहायचा. पद्मिनी मॅडमनी तौकीरभाईंना पुढं बोलावलं. "त्याला म्हणावं, लाजू नको. त्या दिवशी खरंच कसा ओरडला होतास, अगदी तसा ओरड."

तौकीरभाई म्हणाले, "मॅडम, हे मी नाही विचारत."

"विचारा हो. उद्या शो आहे."

त्यांनी विचारलं. कादिरनं जमिनीवर बसल्या बसल्या उत्तर दिलं. तौकीरभाईंनी ते मराठीत सांगितलं ते असं: "म्हणतोय, त्या दिवशी मी ओरडलो नव्हतो. मी माझे पाव शोधत होतो."

पद्मिनी मॅडमनी मान हलवली. "नाही, ते नाही चालणार. ते लोकांना कळणार नाही. ओरडायलाच सांगा."

पहिल्या प्रयोगाचे पाहुणे म्हणजे शस्त्रं विकणारी आणि विकत घेणारी माणसं होती. शहरात त्यांची कसलीशी परिषद भरली होती, आणि परिषदेनंतरची करमणूक म्हणून आयोजकांनी सगळा चौथरा राखून ठेवला होता. कुठकुठल्या देशांचे लोक होते. सूट होते, उंची गाऊन होते, सगळ्यांच्या गळ्यात परिषदेच्या पट्ट्या होत्या. सूर्य मावळता मावळता सूप आलं. राजपुत्र मेला. मुली नकाशावर नाचल्या. स्वप्नाली रंगमंचाच्या कडेला, लाकडी स्टेशनाच्या आडोशाला, रंगाचे डाग पडलेला एप्रन घालून उभी होती. कुणाची जखम सुटली तर बघायला.

मटण वाढलं गेलं. रेल्वे उडाली. धुरातून कादिर धावत आला, गणवेशात, दोन्ही हात पुढं करून. तसा धावताना तो फार देखणा दिसत होता. मग स्फोट झाला, उजवा हात कोपरापासून निसटून उंच उडाला, आणि कादिर ओरडला. शिकवलं होतं तसा, लांबलचक.

पाहुणे किंचाळले. मॅडमना हवं होतं तसंच. मग हशा पिकला, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या टेबलावरच्या एका जाडजूड माणसानं वाकून वाळूतला हात उचलला.

त्यानं आधी त्या हाताशी हस्तांदोलन केलं. शेजाऱ्याच्या पाठीवर तो हात थोपटला. एका बाईच्या खांद्यावर मागून ठेवला, ती दचकली, सगळे हसले. फोन निघाले, फोटो झाले. मग कुणीतरी त्या बोटांमध्ये काटा अडकवला, काट्याला मटणाचा तुकडा टोचला, आणि त्या हातानं त्या बाईला घास भरवला. डाळिंबाचा सॉस करंगळीवरून ओघळला. वाकड्या करंगळीवरून.

समोर खंदकाच्या काठावर कादिर मेलेला पडला होता. परिणामांचा भाग संपेपर्यंत त्याला हलायची परवानगी नव्हती. निळा उजेड त्याच्यावरून फिरला तेव्हा स्वप्नालीला दिसलं की त्याचे डोळे उघडे आहेत आणि तोंड त्या टेबलाकडे आहे.

पुढं काय झालं ते तिला नीट आठवत नाही. आपण चालायला लागलोय हे तिला वाळू पायांत आली तेव्हा कळलं. गाणारी बाई गात होती. स्वप्नाली तिच्या समोरून गेली, चौथऱ्याच्या पायऱ्या चढली आणि त्या टेबलापाशी जाऊन तिनं हात धरला. जाड माणसानं सोडला नाही. त्याला गंमत वाटत होती. तोही दुसऱ्या बाजूनं ओढू लागला.

"सोड," ती म्हणाली. "सोड म्हणते ना! लाज वाटत नाही? माणसाचा हात आहे तो! खाताय काय त्याच्यानं!"

मराठीतच ओरडली. दुसरी भाषा त्या वेळी जवळ नव्हती. माणूस चपापला आणि त्यानं हात सोडून दिला. तिनं तो छातीशी धरला, एप्रननं त्याच्यावरचा सॉस पुसायला लागली, पुसता पुसता रडायला लागली. उजेड सांभाळणाऱ्या पोऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं निळा झोत तिच्यावर आणला.

मग एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळी टेबलं. माणसं उभी राहिली. एक बाई डोळे टिपत होती. तो जाडजूड माणूस सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, आणि तिच्यापुढं जरासा वाकलासुद्धा.

स्वप्नालीनं कादिरकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

तंबूत पद्मिनी मॅडमनी तिला मिठीच मारली. त्यांचे डोळे ओले होते, खोटे नव्हते. "काय केलंस गं तू! अंगावर काटा आला माझ्या. सैनिकाची आई! मला कसं सुचलं नाही? आणि भाषा कळत नव्हती ते तर अफलातून. उद्यापासून रोज करायचं. एप्रन नको, काळा झगा देऊ. वेगळे पैसे देईन मी तुला."

"मॅडम, मी नाटक नाही केलं."

"म्हणूनच तर इतकं खरं झालं! आणि ऐक, तो माणूस विचारत होता, हात विकत मिळेल का. मी म्हटलं, थांबा जरा. हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला टेबलागणिक एक हात द्यायचा, आठवण म्हणून. साचा तुझ्याकडे आहेच. काढशील ना तेवढे?"

स्वप्नाली तंबूच्या मागं गेली आणि तिला भडभडून उलटी झाली. दुपारी खाल्लेलं सगळं पडलं तरी थांबेना. कोकोचा वास नाकात बसला होता. तोंड धुऊन ती परत आली आणि म्हणाली, "मी उद्यापासून येणार नाही. मला परत पाठवा."

पद्मिनी मॅडमनी आधी समजावलं, मग करार काढून दाखवला. शेवटी म्हणाल्या, "तू फार हळवी आहेस, स्वप्नाली. या धंद्यात असं चालत नाही. तुला काय वाटतं, मला काही वाटत नाही? मी युद्धाच्या विरुद्धच तर बोलतेय. शेवटी कबुतरं कशासाठी सोडतो आपण?"

हात तिनं आपल्या खोलीवर नेला होता. साबणानं धुतला, स्पिरिटनं पुसला. नखांच्या कडेला गेलेला तेलकट डाग काही गेला नाही.

सकाळी ती चहाच्या शेडमध्ये गेली. तौकीरभाईंना बरोबर घेतलं होतं. कादिर स्टोव्ह पेटवत होता, काड्यांची पेटी पायाखाली दाबून, डाव्या हातानं काडी ओढत. तिनं सांगितलं, मी काम सोडलंय, तूही हे सोड, नुसता चहाच दे, अशा लोकांसमोर रोज पडू नको.

कादिरनं पाणी चढवलं. मग बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज चढत गेला. तौकीरभाई ऐकत राहिले.

"काय म्हणतोय?"

"राहू दे, बाय. रागात आहे तो."

"सांगा ना."

तौकीरभाईंनी खाली बघत सांगितलं. "म्हणतोय, काल तू मधे आलीस तेव्हा मला वाटलं, खलास, आता मला काढून टाकणार. माझ्या पोटावर पाय देणारी तू कोण?"

"अहो, पण ते त्याच्या हाताशी खेळत होते! त्याला सांगा. त्या हातानं घास भरवत होते!"

कादिरला शब्द नाही पण हावभाव कळले असावेत. त्यानं सरळ तिच्याकडे बघून उत्तर दिलं.

"म्हणतोय, माझा हात ओमदुरमानला राहिला. ते रबर आहे. मला काय दिसत नव्हतं? मी बघतच होतो. मुडदा काय करणार?" तौकीरभाई थांबले. कादिरनं त्यांच्या खांद्याला स्पर्श केला, पुढचंही सांग म्हणून. "म्हणतोय, तुला किळस आली, तर तुझ्याकडे तिकीट आहे आणि तुझं घर जागेवर आहे. मला किळस आली तर मी कुठं जाऊ?"

पाण्याला उकळी आली. कादिरनं चहापत्ती टाकली, पुदिना टाकला, आणि आता खालच्या आवाजात आणखी काहीतरी म्हणाला.

"हात मागतोय," तौकीरभाई म्हणाले. "संध्याकाळी लागेल म्हणतो."

तिनं पिशवीतून हात काढून दिला. त्यानं तो घेतला, नखाकडचा डाग निरखून बघितला, शर्टाला घासला. गेला नाही. मग त्यानं हात फळीवर, कपांच्या शेजारी ठेवला आणि तिला चहा दिला. साखर कमी होती. तिनं तो प्यायला, कारण न पिणं तिला जमलं नाही.

परत जायची परवानगी मिळेपर्यंत ती खोलीतच होती. संध्याकाळ झाली की लांबून स्फोट ऐकू यायचा, त्यामागून एकच लांब किंकाळी, आणि मग टाळ्या. पहिल्या दिवसापेक्षा किंकाळी सुधारली होती.

विमानतळावर सोडायला तौकीरभाई आले. सामान उतरवताना म्हणाले, "मी पण बस घेऊन तेच पाहुणे आणतो आणि नेतो ना, बाय. माझी पोरं शिकली ह्याच्यावर. तू गेलीस ते बरं केलंस. पण त्याला वाईट म्हणू नको."

"त्याला कोण वाईट म्हणतंय, तौकीरभाई?"

"मग झालं तर."

कोल्हापुरात आल्यावर बरेच दिवस तिनं ब्रश हातात धरला नाही. सरूबाईनं विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं नाही. एकदा सांगायला बसली तेव्हा हात उडण्यापर्यंत आली आणि आईच्या चेहऱ्यावर पुढं काय होणार याची उत्सुकता दिसली, तशी उठून गेली.

उन्हाळ्यात तौकीरभाईंचा फोन आला. खुशाली झाली. हंगाम चांगला गेला होता. शेवटच्या प्रयोगाला खरोखरच टेबलागणिक हात वाटले. तिच्या साच्यातून दुबईत काढून आणले होते, रंग काही जमला नव्हता, पण लोकांनी हौसेनं नेले. सैनिकाच्या आईचं काम एक लेबनॉनची नटी करते. ती अरबीत ओरडते, तरी टाळ्या तेवढ्याच पडतात. कादिरची बायको आणि मुलगी जेद्दाला येऊन पोचल्या. त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कंपनीनं वाढवून दिलाय, कारण पुढच्या हंगामाला तो हवाय.

"पुन्हा तेच?"

"नाही गे. आता नवा शो. दुसरं महायुद्ध."

मग तौकीरभाई म्हणाले, "तो विचारत होता, तुला माझा राग आहे काय म्हणून."

"नाही म्हणावं. सांगा त्याला, अजिबात नाही."

"आणि तुझं काय चाललंय? काम आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "मिळालंय."

काम मिळालं होतं हे खरं. मुंबईत एका मोठ्या वेब सीरिजचं. निर्मात्यानं तिच्याकडे कामाचे नमुने मागितले होते आणि तिनं कादिरच्या हाताचे फोटो पाठवले होते, कारण तेवढं चांगलं काम तिनं आयुष्यात दुसरं केलं नव्हतं. फोटो बघून त्याच दिवशी होकार आला. वाकडी करंगळी तर त्यांना फारच आवडली. सीरिज युद्धावरची होती, आणि त्यांना असेच पुष्कळ हात-पाय हवे होते. तिनं रात्रभर विचार केला होता, दोनदा नाही म्हणून लिहिलं होतं, दोनदा पुसलं होतं आणि सकाळी हो कळवलं होतं.

हे तिनं तौकीरभाईंना सांगितलं नाही. फोन ठेवला, आणि कपाटावरची रंगाची पेटी खाली काढून, तोंड वाकडं करून, वाळलेले ब्रश एकेक करून धुवायला घेतले.